देऊन ठेवलेलं पान

जाफराबादजवळ केळना पूर्णेला मिळते, पण संगमाचा गारवा आमच्या अंगणापर्यंत पोचत नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पत्रे तापतात, भर दुपारी कोलियस मान टाकतो. इथे नाजूक झाडं जगवायची तर शेजार लागतो, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या गल्लीत घरोघरी असलेलं ब्रह्मकमळ हिमालयातलं नव्हे. ते मेक्सिकोकडचं, निवडुंगाच्या कुळातलं. निवडुंगच तो, म्हणून लोक गच्चीवर ठेवतात आणि ते पिवळं पडतं. मूळची ही जात दमट रानात झाडांच्या अंगावर, सावलीला वाढणारी. आपलं ऊन तिला कसं सोसणार? आपण ज्याला पान म्हणतो ते खरं तर चपटं खोड, म्हणून वीतभर तुकड्यापासून नवं झाड होतं. तुकडा लगेच मातीत खोचायचा नाही. चार-आठ दिवस सावलीत ठेवून कापलेली कड सुकू द्यायची, मग भुसभुशीत मातीत उभा करायचा. मुळं धरली की कडेच्या एखाद्या खाचेतून कोवळा लालसर कोंब डोकावतो. पुढे कळीही अशाच खाचेतून येते. लोंबती कळी मान वर उचलते, संध्याकाळी टोक सैल होतं आणि निरोप जातात, "वहिनी, जेवणं उरकून या, आज उमलतंय!" पहाटेपर्यंत सगळं मिटलेलं असतं.

2012 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. पुढचा उन्हाळा टँकरची वाट बघण्यात गेला. कुंडीत तांब्याभर चांगलं पाणी ओतायला हात धजत नव्हता. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी तेवढं झाडांच्या वाट्याला यायचं. माझं ब्रह्मकमळ त्या मे महिन्यात गेलं. शेजारच्या काकूंना दिलेलं पान मात्र त्यांच्या न्हाणीच्या ओलसर भिंतीशी तगलं. मृगाचा पाऊस झाल्यावर काकू एक पान घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुझंच आहे गं, घे." ते अक्षरशः खरं होतं. बी रुजवलं तर नवा जीव जन्माला येतो. तुकड्यापासून वाढतं ते तेच झाड, फक्त दुसऱ्या घरी.

म्हणून मनीप्लांट चोरून आणला तरच लागतो, ही समजूत मला मुळीच पटत नाही. मागून आणलेल्या फांदीबरोबर तिची रीतभात कळते: कुठल्या भिंतीशी ठेवायची, पाणी केव्हा तोडायचं. चोरणाऱ्याला हे कोण सांगणार? आणि उद्या त्याचीच कुंडी गेली, तर तो मागायला कुणाच्या दारी जाईल?

यंदाही काही पानं कडा सुकायला सुपात ठेवली आहेत. एक देऊळगावराजाला बहिणीकडे जाईल. तिच्याकडे पूर्वेची पडवी आहे, सकाळचं कोवळं ऊन तेवढं येतं. कोलियसचे शेंडे पाण्याच्या बाटलीत मुळं धरताहेत, तेही तिलाच द्यायचेत. तिच्याकडचा फर्न आमच्याकडे येणार आहे.