चासी कुणाची?

गाडी म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आपल्याकडे मोटारीच्या कितीतरी आधीपासून विचारला जात आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, की ज्या रथातून तू आलास तो रथ म्हणजे आस काय, चाके काय, की रथपंजर? राजा प्रत्येक वेळी नकार देतो. निष्कर्ष असा, की ‘रथ’ हे या साऱ्या अवयवांच्या जुळणीला दिलेले नुसते नाव आहे. वर्गात हा उतारा शिकवताना आम्हांस तो नेहमीच निर्विवाद वाटत आला. मात्र गडचांदूरच्या मिस्त्रीला तो मान्य नाही आणि मोटार वाहन कायद्यालाही नाही, हे आमच्या वडिलांच्या बुलेटने आम्हांस शिकवले.

ही बुलेट १९६९ सालची. वडिलांनी ती जुनी म्हणूनच विकत घेतली आणि कोरपना, जिवती, राजुरा असा सारा मुलूख तिच्यावरून पालथा घातला. चुनखडीची पांढरी धूळ आणि कोळशाची काळी धूळ या दोहोंत ती सारखीच माखली. त्या काळात तिचा पिस्टन दोनदा बदलला, कार्बोरेटर बदलला, टाकी बदलली, चाकांच्या रिमा बदलल्या, सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची आली. यांपैकी एकाही वेळी ‘आता ही तीच गाडी राहिली का’ असे घरात कुणी विचारले नाही. प्रश्न उभा राहिला तो मागच्या बाजूच्या नळीला गंज धरून तडा गेला तेव्हा.

मिस्त्रीचा सल्ला सरळ होता. “भाऊ, भंगारात पंच्याऐंशीची चासी पडून हाय. इंजिन तुमचंच बसवतो. काहीच फरक नाई पडत.” त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. मद्रासला १९५५ पासून या गाडीची जुळणी सुरू झाली आणि पुढे कित्येक दशके तिचा मूळ आराखडा फारसा हलला नाही. त्यामुळे एका दशकाचे इंजिन दुसऱ्या दशकाच्या सांगाड्यात बसवणे हे गावोगावच्या गॅरेजांत नवलाचे राहिले नाही. अडचण येते ती पुढच्या पिढीशी. जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा असे. नंतरच्या इंजिनात दोन्ही एकाच कवचात आले आणि जुन्या जागा नव्या बोल्टांशी जुळेनाशा झाल्या. जुन्या बांधणीत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सांगाड्याची पुढची नळी खाली येऊन थांबते. ती आणि मागचा भाग यांना जोडणारा खालचा दुवा म्हणजे खुद्द इंजिनच. म्हणजे सांगाडा इंजिनाला धरतो आणि इंजिन सांगाड्याला. कोण कुणात बसले आहे, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही.

कायद्याला मात्र अशी संदिग्धता परवडत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ‘मोटार वाहना’ची जी व्याख्या केली आहे तीत, वर बॉडी न चढवलेली नुसती चासीही वाहनच ठरते. नागसेनाने जो रथपंजर नाकारला, त्यालाच कायदा वाहन म्हणतो. त्याच कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी विंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यांची अट अशी, की चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण अशी गाडी रोज रस्त्यावर फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच तिला मोकळीक आहे. आमच्यापुढचा पेच तो हाच. चासी बदलली तर गाडी धावेल, पण ती ती राहणार नाही. विंटेज म्हणून जपली तर ती ती राहील, पण धावणार नाही.

परदेशांतल्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या जगात हा वाद कोट्यवधींचा असतो. ‘ओल्ड नंबर वन’ नावाच्या बेंटलेने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या अपघातात तिचा चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला आणि गाडी नव्या रूपात पुन्हा बांधली गेली. पुढे एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला, तेव्हा मूळचे फारसे काही उरलेले नाही, सबब ही ती गाडीच नव्हे, असे म्हणत खरेदीदाराने हात आखडता घेतला. १९९० साली लंडनच्या न्यायालयाने निर्णय दिला तो विकणाऱ्याच्या बाजूने. सुटे भाग बदलत गेले, पण गाडीचा इतिहास कुठे तुटला नाही, आणि ती अखंडता हीच तिची ओळख, असा त्या निर्णयाचा गाभा होता. नागसेन आणि आरटीओ यांच्या मधली ही तिसरी वाट आम्हांस विचारात पाडणारी वाटली.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही वाट अनोळखी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली; पाठ पारखले, अपपाठ काढले आणि पुढच्यांनी तीत आपली ओवी घालू नये असे बजावलेही. १९०९ साली राजवाड्यांनी अधिक जुन्या पोथीवरून वेगळी संहिता छापली. दोहोंत शब्दरूपांचे भेद आहेत, तरी दोन्हींना आपण ज्ञानेश्वरीच म्हणतो. अठरा अध्यायांचा सांगाडा गीतेचा, त्यावरचे शब्द पिढ्यांच्या हातांनी झिजलेले आणि पुन्हा घासलेले. फरक एवढाच, की एकनाथांनी आपण काय केले ते लिहून ठेवले. भंगारातल्या चासीवरचा क्रमांक घासून तिथे आपला ठोकणारा माणूस ते लिहून ठेवत नाही. पाठशुद्धी आणि बनावट यांतली रेघ आम्हांस इथे दिसते. बदल किती झाला याला तितके महत्त्व नाही. बदलाची नोंद उरली की पुसली, हे महत्त्वाचे.

आमच्या गावाचेही तसेच आहे. राजुऱ्याचा हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. मग मुंबई राज्यात आला, १९५९ साली चांदा जिल्ह्याला जोडला गेला आणि १९६० साली महाराष्ट्राचा झाला. पुढे चांद्याचे चंद्रपूर झाले आणि १९८२ मध्ये त्यातून गडचिरोली निघाले. राज्य बदलले, जिल्हा बदलला. इंजिन म्हणावे तर माणसे, त्यांची मराठी-तेलुगू-गोंडी बोली आणि माणिकगडाची टेकडी, ती तीच राहिली. कागदांवर प्रत्येक बदलाची तारीख आहे, म्हणून हे गाव स्वतःला हरवून बसले नाही.

पंच्याऐंशीची चासी आम्ही घेतली नाही. गंजलेला तुकडा कापून मिस्त्रीने तिथे नवी नळी बसवली आणि आत आधाराची सळई घातली. डाग मुद्दाम घासून सपाट करू दिला नाही. सीटखाली हात घातला की तो बोटांना लागतो. मानेवरचा क्रमांक जसाचा तसा आहे. विंटेजचा अर्ज आम्ही केला नाही, साधी नोंदणीच पुढे चालवली. वडिलांनी गाडीच्या कागदांसोबत एक वही ठेवली होती, तीत प्रत्येक दुरुस्तीची तारीख आणि खर्च आहे. तिच्या पुढच्या ओळीत या डागाची नोंद आम्ही आमच्या अक्षरात केली आहे.