डागाळलेल्या साक्षीचे मोल

“तो दारुडा आहे, तुरुंगात जाऊन आलेला आहे, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?” बालपणी एखाद्या धर्मगुरूने आपले लैंगिक शोषण केले, असे कोणी प्रौढ वयात सांगू लागला की आपल्या कुटुंबांतून पहिला प्रश्न येतो तो हाच. प्रश्न अगदीच गैरवाजवी नाही. खोट्या आरोपाने निरपराध माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होते. तथापि, पूर्वायुष्य ही सत्याची कसोटी ठरू शकते काय?

आयर्लंडमध्ये विसाव्या शतकात धर्मसंघांनी चालवलेल्या औद्योगिक शाळांत गरीब, अनाथ, शाळा चुकवणारी मुले न्यायालयाच्या आदेशाने ठेवली जात. मोठेपणी ती बोलू लागली, तेव्हा अनेकांच्या वाट्याला व्यसन, मानसिक आजार, मोडलेले संसार आलेले होते. हजाराहून अधिक स्त्रीपुरुषांच्या साक्षी ऐकून चौकशी आयोगाने मे २००९ मध्ये अहवाल दिला: मारहाण नित्याची होती आणि मुलग्यांच्या संस्थांत लैंगिक शोषण सर्रास होते. ज्या पडझडीवरून माणसाला खोटे ठरवावे, ती पडझड पुष्कळदा अत्याचाराचीच खूण असते.

मी अनेक वर्षे शाळेत शिकवले. वर्गात काही हरवले की साऱ्या नजरा एकाच मुलाकडे वळत. त्याचा डबा कोणी पळवला, तर मात्र त्याची तक्रार कोणी मनावर घेत नसे. बदनाम मुलाला छळणे सर्वांत निर्धोक, हे इतर मुलांना बरोबर ठाऊक असे. अत्याचारी प्रौढालाही ते ठाऊक असते.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नोव्हेंबर १९९३ मध्ये शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांच्यावर एका आजारी तरुणाने असाच आरोप केला. १९९४ च्या आरंभी त्याने तो मागे घेतला. संमोहनातून वर आलेल्या आपल्या आठवणी भरवशाच्या नाहीत, हे त्याला कळून चुकले होते. आरोप कोसळला तो आठवणींच्या उगमामुळे, त्या तरुणाच्या चारित्र्यामुळे नव्हे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कार्डिनल त्याला भेटले, त्यांनी त्याला क्षमा केली आणि त्याच्यासाठी मिस्सा अर्पण केली.

दानिएलाच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा आपल्याला परिचित आहे. तिच्यावर आरोप करणारे दोघे समाजातील मान्यवर वडील होते आणि दोघेही खोटे बोलत होते. दानिएलाने कोणाचीही प्रतिष्ठा तोलली नाही. त्याने त्यांना वेगवेगळे उभे करून विचारले: कोणत्या झाडाखाली? उलट, जिच्यातून सात भुते निघाली होती, त्या मग्दालिया मरियेने पुनरुत्थानाची वार्ता आणली, तेव्हा प्रेषितांना ती वायफळ बडबड वाटली. वार्ता मात्र खरी होती.

म्हणून असा माणूस आपल्या धर्मग्रामात बोलू लागला, तर मिस्सेनंतर चर्चच्या आवारात त्याच्या दारूची चर्चा करू नये. घटना कुठे घडली, केव्हा घडली, आरोपी त्या वेळी तेथे नेमणुकीस होता काय, आणखी कोणी स्वतंत्रपणे तेच सांगते काय, हे प्रश्न तपास करणाऱ्यांनी विचारावेत. तक्रार आजच्या एखाद्या बालकाविषयी असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारकच आहे. निकाल लागेपर्यंत आरोपीला दोषी म्हणू नये आणि तक्रारदाराला लबाडही म्हणू नये. दोघांनाही न्याय मिळण्याची वाट एकच आहे.