सिएटलची राखण

सिएटलच्या लुमेन फील्डवर पहिल्यांदाच अमेरिकन फुटबॉलचा सामना पाहायला आलेला मराठी माणूस चक्रावतो तो इथल्या आवाजाने. आवाज प्रचंड असतोच, पण तो भलत्याच वेळी होतो. घरचा संघ, म्हणजे सीहॉक्स, चेंडू घेऊन पुढे सरकत असतो तेव्हा प्रेक्षक शांत बसतात. चेंडू पाहुण्यांकडे गेला की जवळजवळ ६९ हजार माणसं उभी राहतात आणि बेंबीच्या देठापासून ओरडू लागतात. या शहराला गुण मिळवणाऱ्यांपेक्षा अडवणाऱ्यांचं कौतुक जास्त आहे, हे नवख्याच्या लक्षात यायला एक हंगाम जातो.

त्या ओरडण्याला काम असतं. चेंडू खेळात येण्याआधीच्या काही सेकंदांत पाहुण्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल ठरवणारा आणि पास फेकणारा, समोरची मांडणी वाचतो आणि सहकाऱ्यांना ओरडून बदल सांगतो. तेच त्यांना ऐकू येऊ द्यायचं नाही. स्टेडियमची दोन्ही बाजूंची छपरं अशी आहेत की आवाज वर निसटण्याऐवजी मैदानावर आदळतो. २ डिसेंबर २०१३ला न्यू ऑर्लिन्सविरुद्धच्या सामन्यात तो १३७.६ डेसिबलवर गेला आणि गिनेसच्या नोंदीत बसला. संघाने १२ क्रमांकाची जर्सी १९८४मध्येच प्रेक्षकांच्या नावे राखून ठेवली. अकरा मैदानात, बारावे ते.

रेडमंड, बेलव्ह्यू, बॉथेल, समामिश या तळ्यापलीकडच्या गावांत गेल्या काही दशकांत मराठी घरं वाढत गेली, ती बहुतेक सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांमुळे. योगायोग असा, की सीहॉक्स या शहरात टिकले तेही त्याच उद्योगाच्या पैशामुळे. १९९६मध्ये तेव्हाचे मालक संघ कॅलिफोर्नियाला हलवायच्या बेतात होते. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल ॲलन यांनी तो विकत घेतला आणि राज्यात मतदान होऊन नव्या स्टेडियमला मंजुरी मिळाली. हंगामात शुक्रवारी ऑफिसात, बसमध्ये, बँकेच्या काउंटरमागे निळ्या जर्सी दिसतात. रविवारी सकाळी नऊला भारतात रात्रीचे साडेनऊ, नोव्हेंबरपासून साडेदहा, झालेले असतात. पुढचे दोन तास आईवडिलांचे. दुपारी एकला सामना सुरू होतो, तोवर गावाकडे सगळे झोपलेले. परदेशी राहणाऱ्याच्या रविवारात ही दुपार मोकळी पडते, आणि ती भरायला हा खेळ येतो.

एकदा हा खेळ अंगात भिनला, की गेल्या पंधरा वर्षांतला सिएटलचा सगळ्यात जुना वाद कानावर येतोच: कव्हर थ्री अजून चालतं का?

पीट कॅरल २०१०मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा ही बचावाची मांडणी नवी नव्हती. अमेरिकेतल्या शाळकरी संघांनाही ती शिकवतात. मैदानाची रुंदी ५३ यार्डांहून किंचित जास्त, म्हणजे साधारण ४९ मीटर. त्याचे खोलवर तीन उभे पट्टे करायचे. दोन कडांचे पट्टे दोन कॉर्नरबॅककडे, मधला फ्री सेफ्टीकडे. त्यांच्या पुढे, उथळ भागात, चार जणांनी चार जागा धरायच्या. उरलेले चार क्वार्टरबॅकवर धावून जातात. तीन, चार, चार. कुणी कुणाच्या पाठी लागायचं नाही. आपली जागा राखायची, नजर क्वार्टरबॅकवर ठेवायची आणि चेंडू हवेत गेला की सगळ्यांनी त्यावर तुटून पडायचं.

बॉथेलच्या एका घरात सांगलीहून आलेले आजोबा सामना बघत बसले होते. "अरे, तो पळतोय आणि ह्याने त्याला सोडून दिला की!" ते म्हणाले. "आबा, सोडला नाही, पुढच्याच्या हवाली केला," नातवाने सांगितलं. आजोबांनी क्षणभर विचार केला. चढाईवाला डावीकडे वळला म्हणून उजवा कोपरा जागा सोडून त्याच्यामागे धावला, तर कबड्डीतली साखळी तुटते. त्यांना कळलं. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो थेट वर्मावर होता: "पण त्यांनी एकाच वेळी चार जण आत घुसवले तर? मागे तर तीनच आहेत."

हाच कव्हर थ्रीचा जुना दुखरा भाग. पास झेलणारे चार रिसीव्हर सरळ खोल धावले की मधल्या पट्ट्यात दोघं येतात आणि तिथे सेफ्टी एकटा. दुसरी युक्ती म्हणजे एकाच कडेला तिघांना तीन वेगवेगळ्या अंतरांवर पाठवायचं. कॉर्नरबॅकने खोल जावं तर मधला मोकळा, मधल्याकडे यावं तर खोलवरचा मोकळा. सगळ्या लीगला हे पाठ होतं. तरीही २०१२ ते २०१५ अशी सलग चार वर्षं सगळ्यात कमी गुण सिएटलनेच दिले. १९५०च्या दशकातल्या क्लीव्हलंडनंतर हे कुणाला जमलं नव्हतं.

जमलं ते माणसांमुळे, आणि ती माणसं निवडण्याच्या पद्धतीमुळे. कॉर्नरबॅक रिचर्ड शर्मन सहा फूट तीन इंच उंच. स्टॅनफर्डमध्ये तो आधी रिसीव्हर होता, आणि २०११च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, पाचव्या फेरीपर्यंत कुणी त्याला उचललं नाही. सेफ्टी कॅम चॅन्सेलरही पाचव्या फेरीतला, उंची तेवढीच, आणि अंगाने लाइनबॅकरसारखा. ब्रँडन ब्राउनर कॅनडाच्या लीगमधून आला. उंच कॉर्नरबॅक वळायला मंद असतात, अशी तेव्हा समजूत होती. कॅरलनी त्यांना पावलांपासून शिकवलं. चेंडू खेळात येताच मागे पळायचं नाही. जागेवरच एक छोटं आडवं पाऊल टाकायचं, रिसीव्हर कुठल्या बाजूने जातो ते दिसू द्यायचं, आणि मग लांब हाताने त्याला कडेच्या रेषेकडे ढकलत त्याच्यासोबत पळायचं. म्हणायला पट्टा राखणं, पण कडेने सरळ धावणाऱ्याच्या दृष्टीने तो अंगावर चिकटलेला पहाराच. दोन्ही कडा अशा बंद झाल्या की क्वार्टरबॅकला मधेच फेकावं लागे, आणि तिथे अर्ल थॉमस उभा असे. उंची पाच फूट दहा इंच, पण चेंडू हातातून सुटण्याआधीच तो निघालेला असायचा. दोन धावणाऱ्यांच्या मधोमध उभा राहून दोघांपर्यंत पोचणारा सेफ्टी ही चैन होती, आणि ती बाकी संघांना परवडणारी नव्हती.

२ फेब्रुवारी २०१४चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, हा या मांडणीचा खरा कळस. समोर डेन्व्हर: त्या हंगामात ६०६ गुणांचा विक्रम करणारा संघ, आणि ५५ टचडाउन पास देणारा पेटन मॅनिंग. पहिल्याच चालीत, गोंगाटात मॅनिंगचे शब्द हरवले आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला. बारा सेकंदांत सिएटलला दोन गुण. थोड्या वेळाने डिमेरियस थॉमसने मधोमध एक छोटा पास झेलला आणि पुढच्याच पावलाला चॅन्सेलरने त्याला मागे फेकला. त्या सामन्यात मॅनिंगने ३४ पास पोचते केले, तोवरच्या सगळ्या सुपर बोलमध्ये सर्वाधिक. निकाल ४३-८. झेलायचं तेवढं झेला, पण समोर झेला आणि तिथेच पडा, असा हा सौदा होता. तीन दिवसांनी कडाक्याच्या थंडीत निघालेल्या मिरवणुकीला सुमारे सात लाख लोक आल्याचा अंदाज दिला गेला. सिएटल शहराची तेव्हाची लोकसंख्याही त्याहून कमी होती.

बरोबर एका वर्षाने, पुढच्या सुपर बोलमध्ये, न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या टॉम ब्रेडीने तोच सौदा मान्य केला आणि जिंकून दाखवला. त्याने ५०पैकी ३७ पास पोचवले, जवळजवळ सगळे आखूड, कंटाळा न करता. चौथ्या चतुर्थांशाच्या सुरुवातीला सिएटल २४-१४ने पुढे होतं. शर्मनचा कोपर, अर्ल थॉमसचा खांदा, चॅन्सेलरचा गुडघा दुखावलेला. क्वार्टरबॅकवर धावून जाणारा क्लिफ ॲव्हरिल डोक्याला मार लागून बाहेर गेल्यावर समोरून होणारा माराही ओसरला. चौघांनीच क्वार्टरबॅकला घाईला आणायचं, ही मांडणीची पहिली अट. त्याला वेळ मिळाला की मागचे सात जण कितीही शिस्तीचे असले तरी त्यांच्या मधल्या फटी तशाच राहतात. सामना २८-२४ने गेला. एक यार्डावरून फेकलेल्या आणि पेट्रियट्सनी पळवलेल्या त्या शेवटच्या पासबद्दल सिएटल अजून हळहळतं, पण खरा धडा त्याआधीच्या दहा मिनिटांत होता.

थॉमसवर किती भार होता ते डिसेंबर २०१६मध्ये उघड झालं. त्याचा पाय मोडला. पुढच्याच आठवड्यात ग्रीन बेने ३८-१०ने धुव्वा उडवला. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये ॲरिझोनातल्या एकाच रात्री शर्मनच्या टाचेची शीर तुटली आणि चॅन्सेलरच्या मानेला इजा झाली. दोघंही सिएटलसाठी पुन्हा कधी खेळले नाहीत.

तोवर ही पद्धत लीगभर पसरली होती. कॅरल यांचे सहायक गस ब्रॅडली यांनी ती जॅक्सनव्हिलला नेली, डॅन क्विन यांनी अटलांटाला. क्विन यांचा संघ २०१७च्या सुपर बोलमध्ये २८-३ने पुढे होता आणि ३४-२८ने हरला. ब्रेडी तेव्हा ४६६ यार्ड फेकून गेला. अटलांटात क्विन यांच्या आक्रमणाची सूत्रं काइल शॅनहन यांच्याकडे होती. म्हणजे दोन हंगाम रोजच्या सरावात त्यांच्यासमोर हाच बचाव उभा होता. पुढे सॅन फ्रान्सिस्कोला गेल्यावर शॅनहन यांनी अशा बचावांची जी वाताहत केली, त्याचं नवल वाटायला नको. धाव घेण्याचं सोंग करून लाइनबॅकरना पुढे ओढायचं आणि त्यांच्या पाठीमागे उघडलेल्या जागेत चेंडू टाकायचा. लॉस अँजेलिसमध्ये शॉन मॅकव्हे तेच करत होते.

कव्हर थ्री नेमकं इथे थकलं. त्यात सेफ्टी एकटा मागे उभा राहतो आणि दुसरा पुढे सरकतो, ते चेंडू हलण्याआधीच दिसतं. सिएटलला ते लपवायची गरज वाटली नव्हती. आम्ही हेच खेळणार, तोडून दाखवा, असा त्यांचा बाणा होता, आणि थॉमस असेपर्यंत तो शोभलाही. इथले जुने चाहते म्हणतात, पद्धत चांगलीच होती, माणसं गेली. हे अर्धंच खरं आहे. एका खेळाडूच्या पायांवर उभी असलेली मांडणी त्याच्या पायाबरोबरच मोडते, आणि अशा माणसाची जागा पैशाने भरत नाही. २०२०मध्ये सिएटलने सेफ्टी जमाल ॲडम्ससाठी पहिल्या फेरीच्या दोन निवडी मोजल्या. त्या वर्षी त्याने क्वार्टरबॅकला साडेनऊ वेळा पाडलं, बचावफळीतल्या मागच्या खेळाडूंमधला तो विक्रम ठरला. पण पाठीमागची भोकं तशीच राहिली. कॅरलनी शेवटच्या हंगामांत दुसऱ्या पद्धती आणून पाहिल्या, त्या अंगवळणी पडल्या नाहीत. जानेवारी २०२४मध्ये त्यांना पद सोडावं लागलं.

त्यांच्या जागी बाल्टिमोरहून माइक मॅकडॉनल्ड आले, वय ३६, तेव्हा लीगमधले सगळ्यात तरुण मुख्य प्रशिक्षक. बाल्टिमोरमध्ये त्यांच्या बचावाने २०२३ला सर्वात कमी गुण देणं, क्वार्टरबॅकला सर्वाधिक वेळा पाडणं आणि सर्वाधिक वेळा चेंडू हिसकावणं या तिन्ही यादीत पहिला क्रमांक घेतला होता. असं आधी कुणी केलं नव्हतं. मॅकडॉनल्ड यांनी जागा राखणं सोडलं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. तेही भरपूर वेळा जागाच राखतात. कव्हर थ्रीदेखील त्यांच्या वहीत आहे. फरक एवढाच की ते कळू देत नाहीत. चेंडू हलेपर्यंत दोन्ही सेफ्टी मागे शेजारीशेजारी उभे. पुढे सहा जण धावून येण्याच्या पवित्र्यात. चेंडू हलताच त्यातले दोन मागे सरतात, एक सेफ्टी खाली उतरतो, दुसरा मध्ये सरकतो. क्वार्टरबॅकवर येतात शेवटी चारच, पण कुठले चार हे त्याला आधी ठाऊक नसतं. तोच हिशेब, तीन, चार, चार. मात्र तो मांडून होईपर्यंत क्वार्टरबॅकच्या हातातले दोन सेकंद संपलेले असतात.

८ फेब्रुवारी २०२६ला सांता क्लाराच्या सुपर बोलमध्ये समोर पुन्हा पेट्रियट्स होते. त्यांच्या ड्रेक मेला सिएटलने सहा वेळा पाडलं. तिसरा चतुर्थांश संपला तेव्हा पेट्रियट्सच्या खात्यात एकही गुण नव्हता. निकाल २९-१३.

त्या संघातला निक एमनवोरी बघण्यासारखा आहे. २०२५च्या ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत आलेला हा मुलगा चॅन्सेलरएवढाच उंच, सहा फूट तीन इंच. अशा देहाच्या सेफ्टीला कॅरलनी पुढे उभा करून धावणाऱ्यांना अडवायला लावलं असतं, आणि समोरच्याला ते लगेच कळलं असतं. मॅकडॉनल्ड त्याला कधी लाइनबॅकरांच्या रांगेत, कधी आतल्या रिसीव्हरसमोर, कधी थेट क्वार्टरबॅकवर पाठवतात. तो धावणाऱ्याला अडवू शकतो आणि पास झेलणाऱ्याबरोबर पळूही शकतो. त्यामुळे धावेची चाल दिसली तरी सिएटलला माणूस बदलावा लागत नाही आणि मांडणी उघडी पडत नाही.