दायमाबादची पांढर



गेल्या साली कार्यासाठी त्र्यंबकेश्वरी गेलो होतो. तीर्थोपाध्यायांनी गाव व आडनाव विचारून जुनी वही काढली. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, सारे ओळीने लिहिलेले. ऊर भरून आला. "गुरुजी, पणजीचं नाव?" मी विचारले. आमच्या पानावर ते नव्हते.

पुतण्या म्हणाला, "काका, आता लाळ तपासून घराणं कळतं." बियाण्याची शुद्धता डीएनएवरून पारखतात, हे कृषी खात्यातल्या नोकरीमुळे मला ठाऊक होते. माणसाचेही तसेच. निम्मा वाटा आईचा, निम्मा वडिलांचा. त्या हिशेबाने पणजीचा वाटा सुमारे आठवा, म्हणजे रुपयात दोन आणे. वहीने नाव गाळले, तरी अंगातल्या सातबाऱ्यावर तिचा हिस्सा कायम आहे! मात्र ही तपासणी नातलग जुळवते, दूरचे मूळ अंदाजाने सांगते. पणजीचे नाव सांगत नाही.

त्याला जुनी माणसेच लागतात. नव्वदीतल्या आत्याला विचारले. ती म्हणाली, "नाव कुठलं रे? समदी तिला बेलापूरकरीणच म्हणायची."

तेवढ्या धाग्यावर श्रीरामपूर तालुक्यातले प्रवराकाठचे बेलापूर गाठले. चार जाणत्यांना विचारले, पण ठाव लागला नाही. मग त्याच तालुक्यात, त्याच नदीकाठी असलेली दायमाबादची पांढर पाहायला गेलो.

शेतकऱ्याला काळी आणि पांढरी सांगावी लागत नाही. काळीत पिकते, पांढरीवर माणूस राहतो. १९५८ साली बोपर्डीकरांनी ही जागा उजेडात आणली. पुढे १९७९ पर्यंत देशपांडे, राव आणि साळी यांनी येथे उत्खनने केली. सुमारे ४,००० वर्षांपूर्वी येथे नांदती वस्ती होती. जव, मसूर, वाटाणा, लाख ही पिके ते लोक घेत. १९७४ साली गावकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार भरीव ब्राँझच्या वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. जू, बैल, उभा हाकणारा. पाहताच ओळख पटावी!

जोर्वे काळात येथे मेलेले मूल कुंभात घालून घराच्या भुईखालीच पुरत. आईला लेकरू उंबऱ्याबाहेर ठेववले नसेल, असे मला वाटते.

हे आपलेच पूर्वज का? तसे छातीठोक म्हणता येत नाही. उष्ण मातीत हाडांमधला डीएनए लवकर विरतो. हरियाणातल्या राखीगढीच्या ६१ नमुन्यांतून एकाच सांगाड्याचा डीएनए नीट मिळाला. तो एका बाईचा होता. २०१९ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. तिच्यासारख्या लोकांचा वंशवाटा आज भारतातल्या बहुतेकांच्या अंगात आहे. म्हणजे तिथेही मुळाची खूण बाईनेच दिली. नाव मात्र तिचेही उरले नाही.

दायमाबादला जरूर जा. खापरी उचलू नका, पांढर उकरू नका. आणि घरी आल्यावर एक काम करा. आजी, आत्या, मावशी आहेत तोवर त्यांच्यापाशी बसा. आजी, पणजीचे नाव आणि माहेर विचारून वहीत लिहा. मी लिहायला बसलो, तेव्हा उशीर झाला होता. माझ्या वहीत आता एवढेच आहे: पणजी, बेलापूरकरीण.