ताईची बिनपैशांची शाळा

विद्या दिल्याने वाढते, असे आमचे गुरुजी सांगतात. जगात अशी पुष्कळ माणसे आहेत की जी आपले पाठ बोलून नेटवर ठेवतात आणि ऐकणाऱ्याकडून एक पैसाही घेत नाहीत. त्यांच्याविषयी मी लिहिणार आहे.

माझी ताई दहावी पास झाली. पण कॉलेज तालुक्याला आहे आणि आमची एस.टी. सकाळी जाते ती रात्रीच परत येते. म्हणून तिचे नाव घातले नाही. ताई दोन दिवस नीट जेवली नाही. मग गुरुजी घरी आले. ते म्हणाले, "१७ नंबरचा फॉर्म भरला की घरी अभ्यास करून बारावीला बसता येतं." पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट मिळाली. पण शिकवणार कोण?

गुरुजींनी बाबांच्या मोबाईलवर 'स्वयम्' शोधून दिले. ते केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केले. त्यावर मोठ्या कॉलेजचे पाठ आहेत आणि नववी ते बारावीचेही आहेत. काही पाठ हिंदीत असतात. ताई ते ऐकते आणि अर्थ मराठीत वहीत लिहिते. नाही कळले तर पुन्हा लावते. मोबाईलमधले सर दहा वेळा सांगतात, तरी रागावत नाहीत!

आमच्या घरात रेंज येत नाही, ती मारुतीच्या पारावर येते. म्हणून मी संध्याकाळी पारावर जाऊन पाठ उतरवून आणतो. मग शेतात नेट नसले तरी चालते. नुसत्या आवाजाचा पाठ चित्राच्या पाठापेक्षा पुष्कळ कमी नेट खातो. ताई शेंगा तोडताना कानाला लावून ऐकते.

बाबा आधी म्हणायचे, "मोबाईलनं पोरं वाया जातात." पण एकदा त्यांनी ताईजवळ बसून भूगोलाचा पाठ पुरता ऐकला. काही बोलले नाहीत. आता रोज शेतातून आले की आधी मोबाईल चार्जिंगला लावतात आणि म्हणतात, "हिचा पाठ व्हायचाय अजून."

गुरुजींनी आम्हाला एक खरी गोष्ट सांगितली. अमेरिकेत सलमान खान नावाचे गृहस्थ आहेत. (सिनेमातले नव्हेत.) ते २००४ साली लांब राहणाऱ्या आपल्या नात्यातल्या मुलीला फोनवरून गणित शिकवू लागले. मग इतर मुलेही शिकू लागली. म्हणून त्यांनी पाठ नेटवर ठेवले. २००८ साली त्याची खान अकॅडमी झाली. एका मुलीसाठी केलेले काम लाखो मुलांना उपयोगी पडले.

लहान मुलांसाठीही आहे बरं का! अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी मराठीतूनसुद्धा दाखवली आहेत. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. मी स्ट्रॉचे टोक चपटे करून दोन्ही बाजूंनी तिरके कापले आणि पिपाणी केली. वाजवता वाजवता स्ट्रॉ कापत गेले की आवाज बारीक होतो. करून बघा.

आमची आजी शाळेत गेली नाही. तिला आम्ही 'श्यामची आई' लावून देतो. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ते १९५० साली वारले. आपल्या देशात लेखक गेल्यावर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांचे होते, म्हणून ते कोणीही वाचून नेटवर ठेवू शकतो. आजी ऐकताना डोळे पुसते आणि म्हणते, "बया, मला कुणी आधी का नाही वाचून दाखवलं?"

मित्रांनो, शोधताना इयत्ता, विषय आणि पाठाचे नाव लिहावे. कोणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर लगेच बंद करावे आणि मोठ्यांना सांगावे.

ताईची परीक्षा अजून व्हायची आहे. आलेल्या आईबाबांना माझी विनंती आहे की, ज्यांच्या घरी शाळा सुटलेली ताई किंवा दादा आहे त्यांना रोज एक तास मोबाईल द्या. पाठ फुकट आहेत, तेवढा एक तास मात्र तुमच्याकडेच आहे.