खोकल्याची बाटली, अडुळसा आणि पोटातलं बाळ

गरोदरपणात खोकला झाला की अख्खं घर डॉक्टर होतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. माझी वहिनी बडोद्याला असते. पाचव्या महिन्यात तिला खोकला लागला. दादाने मेडिकलमधून सिरप आणलं, तर आईने फोनवरून बजावलं, “ते राहू दे गं, अडुळसा घे. झाडपाल्याचं औषध, बाळाला काही होत नाही.”

वहिनीने दोन्ही बाटल्यांचे फोटो मला पाठवले. कामासाठी असलंच काहीबाही वाचत असते ना मी!

खरा धक्का दिला तो अडुळशाने. आपल्याकडे लहानपणापासून सगळे पितात, पण त्यातल्या व्हॅसिसिन या घटकामुळे गर्भाशय आकुंचन पावतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. म्हणून गरोदरपणात तो स्वतःच्या मनाने घ्यायचा नसतो. जेष्ठमधही भरपूर नको. ‘नैसर्गिक’ हा शब्द लेबलवर फार गोड दिसतो, एवढंच.

सिरपचंही तसंच. ‘खोकल्याचं औषध’ म्हणजे एकच औषध नसतं, एका बाटलीत तीन-चार असतात. फिनाइलएफ्रिन नाक मोकळं करण्यासाठी घालतात, पण त्याने रक्तदाब वाढू शकतो. कोडीन असेल आणि बाळंतपणाच्या सुमारास घेतलं, तर जन्मलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो. काही सिरपमध्ये अल्कोहोलही असतं. याचा अर्थ सगळीच औषधं वाईट, असं नाही. काही औषधं डॉक्टर गरोदर बायकांनाही देतात, मात्र महिना आणि बीपी पाहून.

वहिनी दोन्ही बाटल्या घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांनी आधी विचारलं, “रात्री आडवं झाल्यावर खोकला वाढतो का? छातीत जळजळतं?” दोन्हींचं उत्तर हो! खोकला ॲसिडिटीचा होता. रात्रीचं जेवण लवकर, डोक्याखाली जास्तीची उशी आणि ॲसिडिटीची एक गोळी. बाटल्या तशाच राहिल्या.

तुमचा खोकला सर्दीचा असेल, तर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि चमचाभर मध करून बघा (मधुमेह असेल तर मध नको). ताप, धाप किंवा थुंकीत रक्त असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. दोन आठवडे उलटूनही खोकला थांबत नसेल, तर टीबीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.