सलग

कोथिंबीर पेरायची तर धणे आधी रगडून घ्यावे लागतात. एका धण्याचे दोन भाग होतात आणि दोन्ही उगवतात. पण जोर जास्त झाला की आतला कोंब चिरडतो. आत्याबाई गोणपाटावर धणे पसरून जुन्या चपलेनं रगडायच्या आणि नुसत्या आवाजावरून थांबायच्या. लग्न होऊन पुण्याजवळ मांजरीच्या शिवारात आले तेव्हा तो आवाज ओळखता येईपर्यंत त्यांनी मला बियाण्याला हात लावू दिला नाही. मग वाफसा बघायचा. मूठभर माती दाबून तिचा गोळा करायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर रान तयार, नाहीतर थांबायचं. पहिलं पाणी इतकं संथ द्यायचं की बी जागचं हलू नये. दारं धरणाऱ्याचं लक्ष जरा उडालं की सगळे धणे वाहून वाफ्याच्या टोकाला जमतात. मग दीड महिना एका बाजूला दाट केस आणि बाकी टक्कल.

चाळीस-पंचेचाळीस दिवसांत माल निघतो. उन्हं उतरल्यावर उपटायचा, मुळांची माती झटकायची, जुड्या बांधायच्या, ओल्या गोणपाटाखाली झाकायच्या. पालेभाजीचा भाव शेकड्यावर ठरतो आणि तिला थांबायला वेळ नसतो. रात्र उलटली की पान पिवळं पडतं आणि भाव पडतो. म्हणून मांजरीचा उपबाजार हाकेच्या अंतरावर आणि गुलटेकडीचं मार्केट यार्ड फार लांब नाही, ही आमची खरी कमाई.

शहर आलं आणि शेती गेली, असं सगळे म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. शहर जवळ होतं म्हणूनच आमचा पाला खपला. पाणीसुद्धा आम्हाला शहराच्या जोडीनं मिळालं. एकोणिसाव्या शतकात खडकवासल्याचं धरण झालं ते पुणे, खडकीची छावणी आणि शेती अशा तिघांसाठी. मुठेचा कालवा हडपसरवरून पुढं गेला आणि त्याच्या काठानं ऊस आणि भाजीपाला वाढला. आता शहराच्या वापरातलं पाणी प्रक्रिया करून मुंढव्याहून जुन्या कालव्यात सोडतात, म्हणजे नातं अजून तुटलेलं नाही. फक्त काही पालेभाजी कच्चीच खाल्ली जाते, तेव्हा त्या पाण्याची तपासणी उसाच्या मापानं करून चालणार नाही. कोशिंबिरीवर भुरभुरायची कोथिंबीर त्याच पाण्यावर वाढते.

शेत विकलं जातं त्याच्या कितीतरी आधी ते बंद पडायला लागतं. आमच्या बाजूला हे मी नीट पाहिलंय. वरच्या बांधाचं रान प्लॉटिंगला गेलं, तिथं भराव पडला आणि त्यातून येणारी पाण्याची चारी बुजली. मग शेताकडं येणाऱ्या पांदीत कंपाउंडची भिंत आली. टेम्पो आत येईना, जुड्या डोक्यावरून रस्त्यापर्यंत न्याव्या लागल्या. रोटाव्हेटर मारून देणाऱ्यानं ट्रॅक्टर विकून जेसीबी घेतला. त्याचं तरी काय चुकलं? दोन एकरांसाठी तो कुणाची वाट बघणार? खुरपणीच्या बाया सोसायट्यांत आणि आयटी कंपन्यांत साफसफाईला लागल्या. सावलीतलं काम, महिन्याचा पगार. शेवटी आग्नेयेला बारा मजली इमारत उभी राहिली. थंडीत दहा वाजेपर्यंत ऊन येईना, कोथिंबीर लांबट, फिकट वाढायला लागली. यातलं एकही कारण सातबाऱ्यावर दिसत नाही. सातबाऱ्यावर मी अजून बागायतदार आहे.

कायदे आहेत, नाहीत असं नाही. शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन घेता येत नाही, ते 1948 च्या कूळकायद्यानं. तुकडेबंदी 1947 पासून आहे. 2023 मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांतली वेगवेगळी प्रमाणं काढून बहुतेक ठिकाणी जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे अशी मर्यादा केली. पण हे कायदे जमीन कोण घेईल आणि किती घेईल एवढंच बघतात. वरची चारी उघडी राहील का, हे त्यांना कोणी विचारलेलंच नाही. मांजरी बुद्रुक 2021 मध्ये महापालिकेत आली, तेव्हापासून विकास आराखड्याच्या नकाशावरच्या रंगांची चर्चा गावात रोज होते. चारीला रंग नसतो.

सलगपणाची किंमत आमच्या शेजाऱ्यांनी फार आधी ओळखली. हडपसरच्या मगरपट्ट्यात शंभरावर कुटुंबांनी सुमारे 400 एकर एकत्र केले, सतीश मगर पुढं झाले, आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा वाटा ठरवून वसाहत उभी केली. एकेकट्यानं विकलं असतं तर पैसे दोन लग्नांत आणि एका गाडीत संपले असते. मला त्या शहाणपणाचा आदरच आहे. खटकतं ते एवढंच, की इतकी एकी शेती सोडण्यासाठी जमली. शेती धरून राहण्यासाठी बांधाला बांध लावून बसलेलं गाव मला अजून दिसलेलं नाही.

जपानमध्ये 1974 चा उत्पादक हरित भूमीचा कायदा आहे. 1992 पासून त्याखाली शहरातल्या शेतकऱ्यानं तीस वर्षं शेतीच करायचं बांधून घ्यायचं आणि त्या बदल्यात जमिनीवर शहराचा नव्हे, शेतीचा कर भरायचा, अशी व्यवस्था झाली. टोकियोच्या नेरिमा भागात म्हणूनच अजून घरांच्या मधे कोबी दिसतो. आपल्याकडंही असं काही अगदी नवं नाही. पुण्याच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं तेव्हा मालकांना बांधकामाऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडं वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याचं ठरलं. तो पुरेसा आहे का, यावर भांडण आहे आणि ते रास्त आहे. पण टेकडी मोकळी ठेवल्याचा मोबदला असू शकतो, तर ओढ्याकाठच्या भाजीच्या रानाचा का नसावा? अट एकच घालावी: एकट्याला देऊ नये. पंचवीस-तीस एकर सलग, चारी आणि पांदीसकट, दहा वर्षं शेतीच करण्याच्या सहीनं पुढं आले तरच.

हे मी बांधावरच्या आबांना सांगितलं. त्यांचं रान आमच्या खालच्या अंगाला आहे, म्हणजे माझी चारी बुजली की त्यांचीही बुजली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "सूनबाई, सही मी उद्या करतो," म्हणाले, "पोरालाही तयार करतो. पण दहा वर्षं रोटाव्हेटर कोण आणणार, ते आधी सांग."

मी हडपसरपासून लोणीपर्यंत ट्रॅक्टरवाल्यांना फोन करत बसले आहे. एकजण तयार आहे. निदान पंधरा एकराचं काम एकाच दिवशी द्या, म्हणतो.